ज्योतिर्विद केप्लर आणि आठ कलांचें अंतर

गणिताचें उत्तर पुस्तकांतील उत्तराशीं थोडक्यानें चुकलें, तर बहुतेक विद्यार्थी तें कसेंबसें जुळवून घेतात, किंवा एवढीशी चूक कोण पाहतो असें म्हणून पुढच्या उदाहरणाकडे वळतात. अशीच एक लहानशी चूक ज्यानें सोडून दिली नाहीं व तिच्यापायीं आयुष्यांतील कित्येक वर्षें वेंचलीं, त्या योहान केप्लर नांवाच्या जर्मन ज्योतिर्विदाचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस सांगणार आहों. आपली पृथ्वी सूर्याभोंवतीं कोणत्या मार्गानें व कोणत्या वेगानें फिरते, हें जगास प्रथम त्यानें दाखविलें.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजीं दक्षिण जर्मनींतील एका लहानशा शहरांत झाला. बाप भाडोत्री शिपाई होता; तो एकदां घर सोडून गेला तो परत आलाच नाहीं. लहानपणीं देवीच्या आजारानें केप्लरची दृष्टि कायमची अधू झाली. पुढें ज्यास आकाशाचा कायदा शोधून काढावयाचा होता, त्यास आकाशांतील तारे नीट दिसतही नसत! तरीही १५७७ सालीं त्याच्या आईनें त्यास उंच जागीं नेऊन धूमकेतु दाखविला, आणि १५८० सालीं बापानें रात्रीं बाहेर बोलावून चंद्रग्रहण दाखविलें. त्या ग्रहणांतील तांबडा चंद्र त्याच्या आठवणींत राहिला. पृथ्वी ही सूर्य व चंद्र यांच्या मध्यें आली म्हणजे तिची छाया चंद्रावर पडते. परंतु पृथ्वीच्या वातावरणांतून वांकून गेलेला थोडा तांबूस प्रकाश त्या छायेंतही शिरतो. प्रकाशाच्या या वांकण्याचा विचार केप्लरनें १६०४ सालच्या आपल्या दृष्टिशास्त्रावरील ग्रंथांत केला आहे. बाळपणींचें कुतूहल त्यानें चोवीस वर्षें जपून ठेविलें होतें असेंच म्हणावें लागतें.

गरिबीमुळें त्याचें शिक्षण शिष्यवृत्तीवर झालें. १५८९ सालीं तो ट्यूबिंगन येथील विद्यापीठांत धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशानें गेला. तेथें मेस्टलिन नांवाच्या गुरूनें त्यास कोपर्निकसचें मत समजावून दिलें. सूर्य स्थिर असून पृथ्वी व इतर ग्रह त्याच्याभोंवतीं फिरतात, असें कोपर्निकसनें १५४३ सालीं प्रसिद्ध केलें होतें. पण तें मानणारे लोक अद्याप थोडेच होते. १५९४ सालीं केप्लर ग्राट्झ येथील शाळेंत गणिताचा शिक्षक झाला. पहिल्या वर्षीं त्याच्या वर्गांत मोजकेच विद्यार्थी होते. दुसऱ्या वर्षीं एकही उरला नाहीं. ज्या शिक्षकांचे वर्ग रिकामे होत असतील त्यांनीं यावरून थोडा धीर घ्यावा! पुढें तेथील राजसत्तेनें प्रॉटेस्टंट लोकांस रोमन पंथ स्वीकारा अथवा शहर सोडा असा हुकूम केला. केप्लरनें शहर सोडलें व १६०० सालीं तो प्राग येथें टायको ब्राहे याजकडे गेला.

टायको हा डेन्मार्कचा उमराव. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वीं, केवळ डोळ्यांनीं व मोठमोठ्या यंत्रांच्या साहाय्यानें, त्यानें अनेक वर्षें ग्रहांचीं स्थानें मोजून लिहून ठेविलीं होतीं. १६०१ च्या ऑक्टोबरांत टायको वारला, आणि बादशहा दुसरा रुडॉल्फ यानें केप्लरला त्याच्या जागीं नेमलें. मंगळाचा मार्ग शोधून काढण्याचें काम त्याजकडे आलें होतेंच.

ग्रह वर्तुळांतच फिरतात, ही समजूत दोन हजार वर्षें चालत आलेली होती. केप्लरनेंही वर्तुळच धरलें आणि पुष्कळ आकडेमोड करून मंगळाची गति जुळवीत आणली. बहुतेक स्थानें ठीक जमलीं. परंतु कांहीं ठिकाणीं आठ कलांचें अंतर राहिलें. आकाशाच्या संपूर्ण वर्तुळाचे ३६० अंश, व एका अंशाच्या साठाव्या भागास कला म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र आपणांस सुमारें ३१ कला रुंद दिसतो. म्हणजे ही चूक त्याच्या चतुर्थांशाएवढीच होती. दुसरा कोणी असता तर मोजणाराच चुकला असेल असें म्हणून मोकळा झाला असता. परंतु टायको एवढा चुकणार नाहीं, हें केप्लर जाणून होता. मग चूक कोठें असावी? चूक वर्तुळांतच असली पाहिजे, असें ठरवून त्यानें आपली सर्व मेहनत बाजूस सारली व पुनः आरंभ केला.

या वेळीं त्यानें प्रथम पृथ्वीकडे लक्ष दिलें. आपण चालत्या गाडींतून दुसरी गाडी पाहत असलों, तर आपल्या गाडीचा वेग कळल्याशिवाय दुसरीचा कसा कळावा? त्यास असें आढळलें कीं, पृथ्वीचा वेग एकसारखा नाहीं. सूर्याच्या जवळ असतां ती अधिक वेगानें धांवते व दूर असतां मंदावते. नंतर मंगळाचा मार्ग लंबवर्तुळ असून सूर्य त्याच्या मध्यावर नाहीं, एका बाजूस आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें. आठ कलांचें अंतर नाहींसें झालें! हे दोन नियम त्यानें १६०९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले.

याचा पडताळा विद्यार्थ्यांनीं घरीं बसून पाहावा. दिनदर्शिका घेऊन २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंतचे दिवस मोजा. ते १८६ भरतील. २३ सप्टेंबरपासून पुढच्या २१ मार्चपर्यंत मोजा; ते १७९ च भरतील (मध्यें २९ फेब्रुवारी आल्यास १८०). दोन्ही वेळां पृथ्वी अर्धी प्रदक्षिणाच करते. पण जानेवारीच्या आरंभीं ती सूर्यापासून सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटर, आणि जुलैच्या आरंभीं सुमारें १५ कोटि २१ लक्ष किलोमीटर अंतरावर असते, म्हणून हिवाळ्याकडील अर्धें वर्ष लवकर सरतें. यावरून एक गैरसमजही दूर होईल. आपल्याकडे थंडी असते तेव्हांच पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ असते. अर्थात् ऋतु अंतरामुळें होत नसून, पृथ्वीचा आंस साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळें होतात.

चंद्राविषयींही केप्लरनें पुष्कळ विचार केला. समुद्राची भरती चंद्राच्या आकर्षणानें येते, असें त्यानें लिहिलें, आणि खुद्द गॅलिलिओस तें पटलें नाहीं! चंद्रावरून आकाश कसें दिसेल यावर त्यानें एक कल्पित कथा लिहिली. तेथील मनुष्यास आपली पृथ्वी आकाशांत एके ठिकाणीं जवळजवळ स्थिर दिसेल व चंद्राप्रमाणेंच वाढेल आणि क्षीण होईल. आपल्याकडे अमावास्या असतां तेथें पूर्ण पृथ्वी झळकेल.

इतक्यांत त्याच्यावर संकटें कोसळलीं. १६११ सालीं त्याचा लहान मुलगा देवीच्या आजारानें गेला, आणि त्याच वर्षीं पत्नीही वारली. १६१५ सालीं त्याच्या वृद्ध आईवर ती चेटकीण असल्याचा आरोप आला. त्या काळीं अशा आरोपाखालीं शेंकडों निरपराध स्त्रिया जिवंत जाळल्या जात. १६२० सालीं तिला पकडून सांखळदंडांत ठेविलें. बादशाही ज्योतिर्विदास अशा आईपासून दूर राहणें सोयीचें होतें. पण केप्लर लिंझहून दूरचा प्रवास करून तिच्याकडे गेला. मंगळाचीं स्थानें जशीं त्यानें एकेक तपासलीं होतीं, तसाच एकेक आरोप व एकेक साक्ष तपासून त्यानें लेखी उत्तर दिलें. छळाचीं हत्यारें समोर मांडलीं तरी म्हातारीनें खोटा कबुलीजबाब दिला नाहीं. सुमारें चौदा महिन्यांच्या कैदेनंतर १६२१ सालीं ती सुटली. पुढच्याच वर्षीं वारली.

याच काळांत, १६१९ सालीं, त्याचा तिसरा नियम प्रसिद्ध झाला : ग्रहाच्या प्रदक्षिणाकाळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या मध्यम अंतराच्या घनाच्या प्रमाणांत असतो. १६२७ सालीं त्यानें ग्रहांचीं कोष्टकें छापलीं. त्यांच्या आधारें, ७ नोव्हेंबर १६३१ रोजीं बुध सूर्यबिंबावरून जाईल असें त्यानें आधींच सांगून ठेविलें. पॅरिस येथें गासांदी यानें तें प्रत्यक्ष पाहिलें. तो दिवस पाहणें मात्र केप्लरच्या नशिबीं नव्हतें. आपलें थकलेलें येणें वसूल करण्यासाठीं निघाला असतां, १५ नोव्हेंबर १६३० रोजीं रेगेन्सबर्ग येथें तो मरण पावला. तीस वर्षांच्या युद्धांत त्याचें थडगेंही नष्ट झालें.

पण त्याचे नियम राहिले. १६८७ सालीं न्यूटननें गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तेव्हां त्याच नियमांची उपपत्ति त्यानें लाविली. आणि मनुष्यानें आकाशांत सोडलेले कृत्रिम उपग्रहही त्याच नियमांनीं फिरतात. आठ कला ही थोडीशीच चूक होती, आणि एक म्हातारी बाई हीही जगाच्या दृष्टीनें लहानच गोष्ट होती. केप्लरनें दोहोंपैकीं एकीसही लहान मानलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांस यापुढें गणितांत थोडें अंतर आढळलें, तर तें पुसून टाकण्यापूर्वीं तें कां पडलें एवढें तरी त्यांनीं पाहावें, अशी आमची त्यांस विनंति आहे.