न्या. भवानीशंकर नियोगी : अहवाल त्यांचा, दीक्षाही त्यांची

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणांत एक नाव बरेचदा येते. नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांनीही १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी बौद्ध धम्म स्वीकारला, असे वक्ते अभिमानाने सांगतात. ते खरे आहे. पण हेच नाव धर्मांतरबंदीची मागणी करणारेही तितक्याच अभिमानाने घेतात, आणि हे आपल्या तरुणांना सहसा कोणी सांगत नाही. आम्हाला दोन्ही बाजू एकत्र मांडायच्या आहेत.

नियोगी ब्राह्मण घरातले, कायद्याचे गाढे अभ्यासक, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी १९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय स्थापन झाले. तोवर इथे ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट होते. नव्या न्यायालयाच्या सुरुवातीच्या न्यायाधीशांत नियोगी होते. आज गोंदिया स्वतंत्र जिल्हा आहे, पण तेव्हा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या माणसाला प्रांतातले सर्वात वरचे न्यायालय म्हणजे नागपूरचेच. पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले व्हिव्हियन बोस हेही याच न्यायालयाचे.

नियोगी निवृत्त झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते. १४ एप्रिल १९५४ रोजी (होय, भीमजयंतीच्याच दिवशी) रविशंकर शुक्लांच्या मध्य प्रदेश सरकारने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद नियोगींना दिले. त्याच वर्षी बाबासाहेब आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ११ हजारांहून अधिक लोकांना भेटली, ९९ प्रश्नांची प्रश्नावली काढली. समितीविरुद्ध उच्च न्यायालयात याचिकाही झाली, ती फेटाळली गेली.

१९५६ मध्ये अहवाल आला. आदिवासी आणि गरीब माणसे बहुतांशी विचार पटून नव्हे, तर पैसा, शाळा, दवाखाना अशा आमिषांपोटी धर्म बदलतात, असा त्याचा निष्कर्ष होता. धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, उपचाराच्या आडून होणारे धर्मांतर कायद्याने बंद करावे, अशा शिफारशी होत्या. समाजशास्त्र शिकताना आम्ही हा अहवाल वाचला. दुष्काळात कर्ज देऊन धर्म बदलायला लावणे वाईटच, त्यात वाद नाही. पण गरीब माणसाला स्वतःचे डोके असते, तो अपमानाला कंटाळून धर्म सोडू शकतो, ही शक्यता अहवालाने फारशी मोजलीच नाही. जात हा शब्द जिथे कळीचा असायला हवा होता, तिथे परकीय पैसा आला.

आणि त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर लाखो गरीब माणसांनी एकत्र धर्म सोडला. बाबासाहेबांना पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांनी त्रिशरण-पंचशील दिले, बाबासाहेबांनी जनसमुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. धम्म स्वीकारणाऱ्यांत नियोगीही होते. त्यांच्या मनात विसंगती होती की नव्हती? बुद्धाचा धम्म याच मातीतला, म्हणून त्यांना तो वेगळा वाटला असावा, असा आमचा अंदाज आहे. काही असो, आयुष्यभराची प्रतिष्ठा जातीच्या उतरंडीबाहेर नेऊन ठेवायला धाडस लागते. ते त्यांनी दाखवले आणि त्यासाठी आम्ही त्यांना मानतो.

१ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपूर उच्च न्यायालय संपून तिथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. न्यायालय गेले, अहवाल राहिला. १९६८ मध्ये मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य या नावाने धर्मांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात तो वैध ठरवला. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

हे फक्त ख्रिस्ती बांधवांचे प्रकरण आहे असे समजू नये. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले की हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यासाठीही जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. महाराष्ट्र सरकारनेही २०२५ मध्ये अशा कायद्याचा विचार करायला समिती नेमली. हीच अट १९५६ मध्ये नागपुरात असती, तर दीक्षाभूमीवर जमलेल्या प्रत्येकाला, निवृत्त मुख्य न्यायाधीशांनासुद्धा, आधी कचेरीत अर्ज द्यावा लागला असता.

नियोगींचा मूळ अहवाल इंग्रजीत आहे. येत्या वर्षावासात आपापल्या विहारात ग्रंथवाचनाच्या जोडीला त्यातल्या शिफारशींचे प्रकरण मराठीत समजावून वाचावे, आणि गावात कोणी वकिली शिकत असेल तर त्याला शेजारी बसवावे.