दादासाहेब फाळके

सिनेमा कुणाला आवडत नाही? पण आपल्या देशातला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट कुणी काढला, ते पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून मी आज दादासाहेब फाळके यांची माहिती सांगणार आहे.

त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पण चित्रकलेवरच ते थांबले नाहीत. फोटो काढणे, छपाई, जादूचे प्रयोग, सारे शिकून घेतले.

एकदा मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तावरचा सिनेमा पाहिला. आपल्या राम-कृष्णांच्या गोष्टी पडद्यावर का येऊ नयेत, असे त्यांना वाटले. झाले! त्यांनी ध्यासच घेतला. सारखे सिनेमे बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, पण त्यांनी नाद सोडला नाही. विमा गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि काम शिकून कॅमेरा घेऊन आले.

पुढची गोष्ट मला फार आवडते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज कॅमेऱ्याने त्याचे थोडे थोडे चित्र घेतले. पडद्यावर ते रोप भराभर वाढताना दिसले! ते पाहून पैसे उसने देणारा माणूस मिळाला.

मग 'राजा हरिश्चंद्र' सुरू झाला. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. शिवाय अंधारात बसून फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती धुणे, ही कामे त्या शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच! बायका काम करायला तयार होईनात, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात हा मूकपट लागला.

पुढे बोलपट आले, मूकपट मागे पडले. १९३७ चा 'गंगावतरण' हा दादासाहेबांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले. १९६९ सालापासून भारत सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

मित्रांनो, यंत्र परदेशातून विकत आणता येते, पण ते चालवायला आपणच शिकावे लागते. दादासाहेब शिकले, सरस्वतीबाईही शिकल्या. म्हणून मला दोघांचीही नावे लक्षात ठेवावीशी वाटतात.