हृदयाची लिपी मांडणारे विलेम आइन्थोवेन

तालुक्याच्या गावातील दवाखान्यात काढलेला ईसीजी आज मोबाईलवरून काही क्षणांत शहरातील हृद्रोगतज्ज्ञापर्यंत पोहोचतो. रुग्ण एका ठिकाणी आणि त्याच्या हृदयाची नोंद वाचणारा डॉक्टर दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था संगणकाच्या युगाची देणगी आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा आरंभ १९०५ मध्ये हॉलंडमधील लायडेन शहरात झाला. त्या वेळी ना संगणक होता, ना उपग्रह. होती फक्त टेलिफोनची तार आणि विलेम आइन्थोवेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची जिद्द.

आइन्थोवेन यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरील सेमारांग येथे झाला. जावा तेव्हा डच वसाहतीचा भाग होता आणि विलेम यांचे वडील तेथे डॉक्टर होते. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. सहा मुलांना घेऊन त्यांची आई १८७० मध्ये मायदेशी परतली आणि उट्रेख्त शहरात स्थायिक झाली. तेथील विद्यापीठातच विलेम यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. व्यायाम, तलवारबाजी आणि नौकानयन यांची त्यांना विलक्षण आवड होती. विद्यार्थिदशेत एकदा पडून त्यांचे मनगट मोडले. सक्तीच्या विश्रांतीचा तो काळ त्यांनी हात, कोपर आणि खांदा यांच्या हालचालींचा अभ्यास करण्यात घालवला. शरीराकडे मोजमापाच्या दृष्टीने पाहण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील सर्व संशोधनाचा पाया ठरली.

अवघ्या पंचविशीत त्यांची लायडेन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवड झाली. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी मानवी हृदयाचे विद्युत्प्रवाह शरीराबाहेरून नोंदवून दाखवले होते. १८८९ मध्ये बाझल येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या परिषदेत आइन्थोवेन यांना वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहण्याची संधी मिळाली. पाऱ्याच्या बारीक नळीवर चालणारे ते उपकरण मंद होते. हृदयाचा ठोका वेगाने घडून जाई आणि पारा मागे रेंगाळे, त्यामुळे उमटणारी रेषा विकृत असे. आइन्थोवेन यांनी गणिताच्या साहाय्याने त्या रेषेचे खरे रूप शोधून काढले आणि १८९५ मध्ये तिच्यातील पाच चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी अशी नावे दिली. जगभरातील डॉक्टर आजही हीच अक्षरे वापरतात.

मात्र प्रत्येक रुग्णासाठी असे किचकट गणित करणे व्यवहार्य नव्हते. त्यांना गणिताच्या दुरुस्तीविना खरी रेषा उमटवणारे यंत्र हवे होते. त्यातून शतकाच्या आरंभी तंतू गॅल्व्हनोमीटर साकारला. एका प्रबळ विद्युतचुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला, केसापेक्षाही कितीतरी बारीक असा क्वार्ट्झचा तंतू ताणून बसवलेला असे. हृदयाचा सूक्ष्म विद्युत्प्रवाह तंतूतून गेला की तो किंचित हले आणि त्याची सावली सरकत्या छायाचित्र-काचेवर टिपली जाई. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवण्यासाठी पाच माणसे लागत. रुग्णाला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. नोंदीसाठी त्यांनी ठरवलेला सेकंदाला २५ मिलिमीटर हा वेग आणि एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची हे प्रमाण आजच्या ईसीजीच्या कागदावरही कायम आहे.

यंत्र सिद्ध झाले, पण ते होते प्रयोगशाळेत आणि रुग्ण होते सुमारे दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. यंत्र हलवता येत नव्हते आणि ज्यांना तपासणीची सर्वाधिक गरज होती, त्या गंभीर हृद्रोग्यांना हलवणे धोक्याचे होते. यावर उपाय म्हणून टेलिफोनच्या तारेने रुग्णालय आणि प्रयोगशाळा जोडण्यात आली. २२ मार्च १९०५ रोजी या तारेवरून पहिली नोंद यशस्वीपणे घेण्यात आली. गंभीर रुग्णांचा रुग्णालयाबाहेरचा प्रवास टाळता येऊ लागला, ही या पद्धतीची सर्वांत मोठी कमाई म्हणावी लागेल. पुढच्याच वर्षी आइन्थोवेन यांनी या पद्धतीविषयीचा प्रबंध प्रसिद्ध केला. हृदयाच्या कप्प्यांची वाढ, अनियमित ठोके, हृदयरोध अशा विकारांच्या नोंदी त्यात होत्या.

येथे एक नवा पेच निर्माण झाला. तोपर्यंत डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून नाडी पाही, छातीला कान किंवा नळी लावी आणि आपल्या अनुभवावरून निष्कर्ष काढी. आता रुग्णाला कधीही न पाहिलेली माणसे दुसऱ्या इमारतीत बसून त्याच्या हृदयाविषयी काही सांगू लागली होती. मग शेवटचा शब्द कोणाचा? आइन्थोवेन यांची भूमिका समंजस होती. प्रयोगशाळा आणि रुग्णालय यांनी आपापल्या क्षेत्रात स्वतंत्र राहावे, परंतु परस्परांशी जोडलेले असावे, तरच नोंदींना अर्थ येईल, असे त्यांचे मत होते. दुर्दैवाने हे सहकार्य फार काळ टिकले नाही. रुग्णालयाशी असलेल्या संबंधांत कटुता आली आणि तारेवरची तपासणी बंद पडली. तार निर्दोष होती, अडचण आली ती तिच्या दोन टोकांना असलेल्या माणसांची.

यंत्राचा प्रसार मात्र थांबला नाही. डार्विन यांचे पुत्र होरेस यांनी स्थापन केलेल्या केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने त्याचे उत्पादन हाती घेतले आणि १९११ मध्ये टेबलावर मावणारी आवृत्ती तयार केली. लंडनचे डॉक्टर थॉमस लुईस यांनी ते रुग्णांच्या तपासणीत रुजवले. त्या काळी नाडीचा एखादा ठोका चुकला की धडधाकट तरुणालाही हृद्रोगी ठरवून अंथरुणाला खिळवले जाई. जेम्स मॅकेन्झी आणि लुईस यांच्यासारख्या डॉक्टरांच्या अभ्यासामुळे निरुपद्रवी ठोके कोणते आणि घातक कोणते, हे कळू लागले. अनेकांच्या डोक्यावरचे भीतीचे ओझे त्यामुळे उतरले.

१९२४ मध्ये आइन्थोवेन यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते अमेरिकेच्या व्याख्यान दौऱ्यावर होते. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी यंत्र बांधणाऱ्या आपल्या दिवंगत मदतनिसाच्या हलाखीत जगणाऱ्या बहिणींना दिली, अशी आठवण सांगितली जाते. २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडेन येथे त्यांचे निधन झाले.

आइन्थोवेन यांचे यंत्र आज मनगटावर आले आहे. २०१८ मध्ये ॲपल कंपनीच्या घड्याळातील ईसीजीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. एका मनगटावर घड्याळ आणि त्यावर दुसऱ्या हाताचे बोट ठेवून घेतली जाणारी ही नोंद म्हणजे आइन्थोवेन यांनी दोन हातांमध्ये घेतलेली पहिली नोंदच होय. अनियमित ठोके वेळीच लक्षात येऊन योग्य उपचार मिळण्यास तिची मदत होऊ शकते. परंतु हृदयविकाराचा झटका ओळखण्याचे काम हे घड्याळ करत नाही. छातीत कळ येत असताना घड्याळावरील निर्वाळ्यावर विसंबून घरी थांबणे जिवावर बेतू शकते. याउलट, निरुपद्रवी ठोक्याची सूचना पाहून रात्रभर जागणारा आणि सकाळी डॉक्टरांकडे नोंदींची चळत घेऊन येणारा रुग्णही आहेच. ज्या शोधाने अकारण भीती दूर केली, त्याच शोधाच्या नव्या रूपाने ती परत येऊ शकते.

डॉक्टरांपुढेही नवे प्रश्न आहेत. मध्यरात्री मोबाईलवर आलेल्या नोंदीची जबाबदारी कोणाची? रुग्णाला न पाहता दिलेल्या सल्ल्याला मर्यादा किती? नोंद पाठवणाऱ्या गावच्या डॉक्टरचा शब्द मोठा की ती वाचणाऱ्या तज्ज्ञाचा? लायडेनमधील दीड किलोमीटरच्या तारेवर हेच प्रश्न प्रथम उमटले होते. रेषा अचूक उमटवण्याचे काम आइन्थोवेन यांनी पूर्ण केले. रुग्णाजवळ बसलेला डॉक्टर आणि दूरवरून रेषा वाचणारा तज्ज्ञ यांनी परस्परांचा मान राखून एकत्र काम करावे, ही त्यांची दुसरी अपेक्षा पूर्ण करणे मात्र कोणत्याही यंत्राच्या हातात नाही.