फॅरडेची उमेदवारी

मायकेल फॅरडे याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन येथे एका लोहाराच्या घरी झाला. बापाची प्रकृती नेहमी नादुरुस्त असे. त्यामुळे हातोडा रोज चालेच असे नाही, आणि ज्या दिवशी हातोडा थांबे त्या दिवशी मिळकतही थांबे. १८०१ साली धान्य अतिशय महागले, तेव्हा लहानग्या मायकेलला आठवड्याला एकच पाव मिळे, आणि तो त्यास आठ दिवस पुरवून खावा लागे. अशा घरातील मुलाला शाळा ती किती लाभणार? लिहिणे, वाचणे आणि थोडेसे अंकगणित एवढीच शिदोरी घेऊन तो शाळेतून बाहेर पडला.

१८०४ साली तो ब्लँडफर्ड रस्त्यावरील रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे कामास राहिला. त्या काळी वर्तमानपत्र महाग असे. म्हणून रिबो ते गिऱ्हाइकांस भाड्याने वाचावयास देई. सकाळी ते घरोघर पोचवावयाचे आणि वाचून झाले की परत आणून दुसऱ्या घरी द्यावयाचे, हे मायकेलचे काम होते. त्याची सचोटी पाहून पुढील वर्षी रिबोने त्याला पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या करारावर उमेदवार म्हणून घेतले. उमेदवारीसाठी धन्याला रक्कम देण्याची रीत होती. परंतु मायकेलच्या प्रामाणिक नोकरीकडे पाहून रिबोने ती माफ केली.

फर्म्यांच्या घड्या घालणे, जुजबंदी करणे, पुठ्ठे चढवणे, कातडे बसवणे ही सर्व कामे मायकेल मन लावून शिकला. त्यात तो लवकरच तरबेज झाला. धन्याला त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती. परंतु हाताखालून जाणारे पुस्तक केवळ बांधून पुढे सारणे त्याला जमेना. पुस्तकाच्या बाहेरच्या अंगाला त्याचे हात लागत, त्याचप्रमाणे आतल्या अंगाला त्याचे मन लागे. एकदा त्याच्याकडे विश्वकोशाचा एक खंड बांधावयास आला. त्यातील विजेसंबंधीचा लेख त्याने वाचला आणि त्याला एक नवेच जग दिसले. जेन मार्सेट या विदुषीने रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले पुस्तकही त्याला असेच लाभले. वाचलेले खरे की खोटे हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नसे. हाती पैसा थोडा. तरी तो बेताचे साहित्य आणून घरीच लहान लहान प्रयोग करून पाही.

संध्याकाळी काम संपल्यावर टेटम नावाच्या शिक्षकाच्या घरी विज्ञानावर व्याख्याने होत. प्रवेशाची फी एक शिलिंग होती. मायकेलजवळ तेवढेही पैसे नसत. त्याचा थोरला भाऊ रॉबर्ट हाही लोहारकाम करी, त्याने आपल्या कमाईतून ही फी भरली. व्याख्यानात दाखवलेल्या उपकरणांची चित्रे काढता यावीत म्हणून चित्रकला शिकणे अवश्य होते. रिबोच्या घरात एक फ्रेंच चित्रकार राहत असे. मायकेल त्याची खोली झाडी, त्याच्या बुटांना पॉलिश करी, आणि मोबदल्यात त्याच्याकडून चित्रकलेचे धडे घेई. व्याख्यानांची टिपणे त्याने स्वच्छ अक्षरात उतरवली आणि आपल्याच हातांनी त्यांची सुबक पुस्तके बांधली. पोटासाठी शिकलेली विद्या आणि जिज्ञासेने मिळवलेली विद्या यांची तेथे प्रथम गाठ पडली.

ही पुस्तके दुकानातील एका गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडली. त्याचे नाव डान्स. रॉयल इन्स्टिट्यूशन या विख्यात संस्थेचा तो सभासद होता. मुलाचे परिश्रम पाहून तो प्रसन्न झाला आणि त्याने त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. १८१२ सालच्या वसंत ऋतूत मायकेलने ती व्याख्याने एकचित्ताने ऐकली, आणि त्यांचीही टिपणे आकृत्यांसह लिहून बांधून काढली. त्याच उन्हाळ्यात त्याने अर्ध्या पेनीच्या सात तांब्याच्या नाण्यांवर त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या रचून आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद घालून स्वतः विजेची बॅटरी तयार केली.

ऑक्टोबरात उमेदवारी संपली. मायकेल दुसऱ्या एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे पगारावर राहिला. हा धनी तापट होता, तथापि मायकेलचे काम त्याला इतके पसंत पडले, की आपल्यामागे सारा धंदा त्याला देण्यास तो तयार होता. गरीब विधवा आईच्या मुलाला एवढा आधार मोठाच होता. परंतु मायकेलच्या मनाला आता त्या धंद्यात समाधान नव्हते. डिसेंबरात त्याने डेव्हीला पत्र लिहिले आणि सोबत व्याख्यानांच्या टिपणांचे पुस्तक पाठवले. विज्ञानात पैसा नाही, तेव्हा हातचा धंदा सोडू नये, असाच सल्ला डेव्हीने त्याला प्रथम दिला. थोड्याच दिवसांनी प्रयोगशाळेतील एका मदतनिसाची जागा रिकामी झाली, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे त्या जागेवर रुजू झाला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, आणि राहावयास माडीवर दोन खोल्या. बाटल्या धुण्यापासून त्याच्या कामाची सुरुवात झाली. पण येथे धुवावयाची बाटलीसुद्धा त्याला काही शिकवून जात होती. १८२१ साली विजेच्या योगाने तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवण्याची युक्ती त्याने शोधून काढली, आणि त्याचे नाव सर्वत्र झाले.

यानंतर त्याची दुसरी, अधिक कठीण परीक्षा सुरू झाली. दुर्बिणींसाठी लागणारी उत्तम काच त्या काळी जर्मनीत होई. इंग्लंडातील काचेत बुडबुडे आणि रेषा राहत. तेव्हा उत्तम काच बनवण्याच्या कामासाठी रॉयल सोसायटीच्या पुढाकाराने एक समिती नेमण्यात आली, आणि १८२५ साली ते काम फॅरडेकडे आले. त्याचे मन तर विजेकडे ओढ घेत होते. चुंबकापासून वीज निर्माण होईल काय, हा प्रश्न त्याने मनाशी धरला होता. तथापि, अंगावर आलेले काम त्याने टाळले नाही. प्रयोगशाळेत भट्टी उभारली. शिसे, टाकण आणि वाळू यांपासून केलेले मिश्रण प्लॅटिनमच्या पात्रात वितळवावयाचे, ढवळावयाचे, निवू द्यावयाचे, तपासावयाचे, आणि दोष दिसला की पुन्हा आरंभ करावयाचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. भट्टीच्या धगीत दिवस जात होते आणि विजेचा प्रश्न तसाच पडून होता. मनाजोगती काच थोडीफार साधली. पण दुर्बिणींच्या दृष्टीने त्या श्रमांचे विशेष चीज झाले नाही.

अखेर जुलै १८३१ मध्ये फॅरडेने रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे काम बाजूला ठेवण्याची परवानगी मागितली. कामाचा वृत्तांत त्याने त्यापूर्वीच सविस्तर सादर केला होता. त्यात कोठे उणे ठेवले नव्हते. आता वेळ त्याचा होता. अवघ्या दोन महिन्यांच्या आत, २९ ऑगस्ट रोजी, त्याने एका लोखंडी कड्याच्या दोन बाजूंस तारेचे वेढे गुंडाळले. एका वेढ्यातून वीज सोडताच दुसऱ्या वेढ्याला जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची हलली, आणि पुन्हा स्थिर झाली. प्रवाह तोडताच ती उलट दिशेने हलली. चुंबकत्वात बदल होत असतो, तेवढ्याच क्षणी वीज उत्पन्न होते, हे गूढ त्याला उकलू लागले. ऑक्टोबरात त्याने एका मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड विद्युत्प्रवाह मिळवला. १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली ती याच तत्त्वावर, आणि कोयनेच्या पाण्याने फिरणारी यंत्रे वीज निर्माण करतात तीही याच तत्त्वावर.

फॅरडेला उच्च गणित येत नव्हते. आपल्या विद्येतील ही उणीव तो जाणून होता. म्हणून प्रयोगाचा आधार तो कधी सोडीत नसे. कारखानदार त्याचा सल्ला घेत आणि भरपूर पैसा देत. परंतु त्या कामांत संशोधनाचा वेळ जातो असे पाहून त्याने ती प्राप्ती जवळजवळ सोडून दिली. याचा अर्थ त्याने लोकांच्या कामाकडे पाठ फिरवली असा मात्र नव्हे. १८३६ पासून दीपगृहांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेला तो शास्त्रीय सल्ला देऊ लागला, आणि ते काम त्याने जवळजवळ तीस वर्षे केले. नाताळच्या सुटीत मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांच्या एकोणीस माला त्याने गुंफल्या. त्यांत साध्या मेणबत्तीवर दिलेली व्याख्याने जगप्रसिद्ध आहेत.

त्या जुन्या काचेचे पुढे काय झाले? १८४५ साली फॅरडे प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो काय हे पाहत होता. अनेक पदार्थ घेऊन पाहिले, पण काही दिसेना. तेव्हा त्याला भट्टीच्या दिवसांतील जड काच आठवली. १३ सप्टेंबर रोजी तिचा तुकडा बलवान विद्युत्चुंबकाजवळ ठेवून त्याने त्यातून प्रकाशकिरण सोडला. तो किरण एकाच दिशेत कंप पावणारा होता, आणि काचेतून बाहेर पडताना त्याच्या कंपाची दिशा किंचित वळलेली आढळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते प्रथमच प्रत्यक्ष दिसले. जे काम त्याने कर्तव्य म्हणून केले, त्याचे फळ असे वीस वर्षांनी, आणि भलत्याच ठिकाणी, त्याच्या हाती आले.

कोणत्याही महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या या माणसाला ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८३२ साली सन्माननीय पदवी दिली. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने दोनदा नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी त्याचे निधन झाले.

दुसऱ्यांनी सोपवलेले काम फॅरडेने कधी अर्धवट केले नाही. परंतु तेवढ्यावर तो कधी थांबलाही नाही. रिबोच्या दुकानात त्याच्याप्रमाणेच इतरही उमेदवार काम शिकत असत. विश्वकोशाचे खंड त्यांच्याही हातांखालून गेले असतील. ते त्यांनी नीट बांधले असतील आणि पुढे सारले असतील. मायकेलने ते बांधले, आणि उघडूनही पाहिले.