पास्कल: अर्धवट राहिलेल्या डावाचा हिशेब

क्वांट ट्रेडिंगच्या माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूत एक प्रश्न आला. दोघं जण प्रत्येकी ३२ नाणी लावून छापा-काटा खेळतायत. जो आधी तीन डाव जिंकेल, त्याला सगळी ६४ नाणी. स्कोअर २-१ असताना खेळ थांबला, तर पैसे कसे वाटायचे? मी पटकन २:१ म्हणालो आणि तिथेच माझी विकेट गेली.

घरी येऊन शोधलं. हा प्रश्न साडेतीनशे वर्षांहून जुना निघाला आणि तो सोडवणाऱ्यांपैकी एक होता ब्लेझ पास्कल.

पास्कलचा जन्म १६२३ साली फ्रान्समधल्या क्लेर्माँचा. तो तीन वर्षांचा असतानाच आई गेली. वडील करवसुलीच्या सरकारी कामावर होते. त्यांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून या पोराने विशीच्या आतच दातेरी चाकांचं बेरीज-वजाबाकीचं यंत्र बनवायला घेतलं. त्यात हातचा आपोआप पुढे जायचा! तेच पास्कलाइन.

१६५४ साली शेव्हालिये द मेरे या जुगारात रस असलेल्या ओळखीच्या गृहस्थाने त्याला वाटणीचा हा प्रश्न घातला. पास्कलने तुलूजच्या पिएर द फर्माला पत्रं लिहिली. दोघांच्या पद्धती वेगळ्या, उत्तर मात्र एकच.

पास्कलची युक्ती अशी: झालेले डाव मोजू नका, पुढे काय होऊ शकतं ते बघा. पुढचा डाव पहिला खेळाडू जिंकला तर त्याला ६४. हरला तर २-२, म्हणजे ३२. थोडक्यात, ३२ नाणी त्याची पक्कीच. उरलेल्या ३२ वर दोघांना सारखीच संधी, म्हणून १६-१६. वाटणी झाली ४८ आणि १६!

यालाच आज एक्स्पेक्टेड व्हॅल्यू म्हणतात. शेवटाकडून मागे येत हिशेब करायची अशीच रीत गेम थिअरीत बॅकवर्ड इंडक्शन म्हणून भेटते.

१६६२ साली पास्कल गेला, अवघ्या ३९ व्या वर्षी. पुढे एका प्रोग्रॅमिंग लँग्वेजला त्याचं नाव मिळालं.

आता मी फॉर्म्युले पाठ करत नाही. कागदावर स्कोअर बदलून बघतो. २-० असेल तर? जिंकला तर ६४, हरला तर मघाचे ४८, सरासरी ५६. आता १-० चं उत्तर तुम्ही काढा. ४४ आलं, तर तुम्ही माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूच्या पुढे गेलात!