दिझीवादक फंग झीत्सुन

बासरीचा मधुर स्वर आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. चीन देशातही बांबूची एक बासरी शतकानुशतके वाजवली जाते. तिला दिझी असे म्हणतात. आपल्या बासरीप्रमाणेच ती आडवी धरून वाजवतात. परंतु तिच्यात एक विशेष आहे. फुंकर घालण्याचे छिद्र आणि बोटांची सहा छिद्रे यांच्या मध्ये तिला आणखी एक छिद्र असते. बोरूच्या पोकळ कांडीच्या आतून निघणारा अत्यंत तलम पापुद्रा त्या छिद्रावर चिकटवतात. फुंकर घातली की हा पापुद्रा थरथरतो आणि स्वराला एक निराळेच तेज प्राप्त होते.

चीनच्या उत्तर भागातील लोकनाट्यांत ही दिझी पूर्वापार वाजत असे. परंतु तिचे स्थान होते साथीदाराचे. गायकाच्या मागे बसावे आणि त्याच्या गाण्याला उठाव द्यावा, एवढेच तिचे काम. या वाद्याला स्वतंत्र मान मिळवून देणाऱ्या कलावंतांत फंग झीत्सुन यांचे नाव अग्रभागी आहे.

फंग यांचा जन्म 1904 साली हबेई प्रांतातील यांगयुआन तालुक्यात एका गरीब कुटुंबात झाला. लोकसंगीताचे संस्कार त्यांच्यावर लहानपणापासूनच झाले आणि त्यांनी दिझी हाती घेतली. तरुणपणी उदरनिर्वाहासाठी त्यांना घर सोडावे लागले. उत्तरेकडील कितीतरी गरीब लोक त्या काळी पोटासाठी मंगोलियाच्या सीमेकडील मुलुखात जात. फंगही त्याच वाटेने बाओतोउ या शहरी गेले व तेथे कष्टाची कामे करू लागले.

परंतु या परक्या मुलुखाने त्यांना मजुरीहून मोठे धन दिले. त्या प्रदेशात दोन पात्रांनी मिळून सादर करावयाचे एक लोकनाट्य प्रचलित आहे. त्यातील गाण्यांना दिझीची साथ असते. फंग या नाट्यासाठी दिझी वाजवू लागले आणि त्यातील चाली त्यांनी आत्मसात केल्या. जिभेच्या कंपाने स्वर थरथरवणे, बोट हलकेच सरकवून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणे, जिभेच्या आघाताने स्वर तोडून वाजवणे, या साऱ्या क्रियांत ते निष्णात झाले. पुढे गावी परतल्यावर त्यांनी तिकडील चाली व आपल्या प्रांतातील लोकनाट्यांचे संगीत यांचा सुरेख मेळ घातला. त्यांचे वादन एवढे दमदार होते, की लोक त्यांना कौतुकाने आभाळ फोडणारा वादक असे म्हणू लागले.

1953 साली चीनची राजधानी बीजिंग येथे देशातील लोकसंगीत व लोकनृत्य यांचा मोठा महोत्सव भरला. फंग यांचे वय त्या वेळी 49 वर्षांचे होते. आयुष्यभर गाण्याच्या मागे राहिलेली दिझी एकटी पुढे आली तर श्रोत्यांचे मन जिंकू शकेल काय, याची ती कसोटीच होती. फंग यांनी आनंदाची भेट या अर्थाच्या नावाची रचना वाजवली. एका जुन्या लोकधुनेवर ती आधारलेली आहे. ताटातुटीनंतर आपली माणसे पुन्हा भेटल्याचा हर्ष तिच्यात आहे. तीच धून पुन्हा पुन्हा नवी रूपे घेत येते, लय वाढत जाते आणि शेवटी आनंदाला जणू उधाण येते. पतंग उडवण्याच्या खेळावरील त्यांची रचनाही अशीच गाजली. दिझी हे एकल वादनाचे वाद्य आहे, हे त्या दिवसांपासून सर्वमान्य झाले.

त्यानंतर राजधानीतील एका मोठ्या सरकारी कलापथकात फंग यांची वादक म्हणून नेमणूक झाली. 1964 साली बीजिंग येथे चिनी संगीताचे एक महाविद्यालय स्थापन झाले. तेथे ते अध्यापक झाले. एके काळी पोटासाठी घर सोडणारा मजूर वयाच्या साठाव्या वर्षी महाविद्यालयात विद्या देऊ लागला! 1987 साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या रचना दिझीचे विद्यार्थी आजही शिकतात.

फंग यांनी राजधानीत जे वाजवले, ते खेड्यापाड्यांतील कष्टकरी माणसांचेच संगीत होते. मोठ्या रंगमंचावर गेल्यावरही त्यांनी त्या संगीताची लाज बाळगली नाही. उलट त्यालाच अधिक उजळून दाखवले. सामान्य माणसांच्या कलेतही केवढे सामर्थ्य असते, हे त्यांच्या चरित्रावरून आपणांस कळते. मनापासून साधना करणारा कलावंत मात्र तिला लाभला पाहिजे.