हाफकिन : प्लेगच्या मुंबईत संमतीची कसोटी

मस्कत : रुग्णाला धोका समजावून सांगावा, त्याचा होकार घ्यावा, त्याला अपाय होऊ देऊ नये आणि झालाच तर त्याचे उत्तर द्यावे, ही वैद्यकीय नीतीची आजची सूत्रे होत. शस्त्रक्रियेपूर्वी संमतीपत्रावर सही करणे ओमानमध्ये आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने मानवी प्रयोगांसाठी संमती अनिवार्य ठरवली. त्याच्या बरोबर अर्धशतक आधी, मुंबईत एका परक्या माणसाच्या आयुष्यात या सूत्रांची कसोटी लागली होती. परळच्या संस्थेमुळे त्याचे नाव आपण जाणतो. चरित्र मात्र सहसा जाणत नाही.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथील ज्यू कुटुंबात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे, ते वैद्य नव्हते, आणि हे त्यांना आयुष्यभर ऐकवले गेले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये ती प्रथम स्वतः टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते कलकत्त्यास आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. हाफकिन यांना पाचारण झाले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात एक कारकून व तीन शिपाई एवढ्या मनुष्यबळावर त्यांनी काम आरंभले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी नवी लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक. ताप व वेदना सोसल्या. त्यानंतरच इतरांना विचारले.

ते वर्ष महाराष्ट्राला वेगळ्याच कारणांनी आठवते. मार्चमध्ये प्लेगग्रस्तांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्यात सोल्जर घराघरांत घुसून झडत्या घेत होते, आणि त्या जुलमाचा शेवट २२ जूनला रँडवरील गोळीबारात झाला. एकाच रोगाविरुद्ध एकाच सरकारच्या छत्राखाली दोन रीती चालल्या होत्या. एकीत सक्ती होती, दुसरीत विनंती.

विनंतीलाही गालबोट आहेच. लसीची पहिली मोठी चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली. कैदी स्वेच्छेने पुढे आले, लस घेतलेल्यांत रोग व मृत्यू लक्षणीय कमी आढळले. पण बंदिवासातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? ज्याचा व्हिसा व निवारा मालकाच्या हाती आहे, अशा मजुराला न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करताना पाहिले की हा प्रश्न जुना वाटत नाही. हाफकिन यांना त्यातून सूट देता येणार नाही. मात्र कैद्यांकडे मागितलेला धोका त्यांनी आधी स्वतः पत्करला होता, हेही नोंदले पाहिजे.

१८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लाखो मात्रा तयार होऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्युमुखी पडले. सर्वांना एकाच बाटलीतील लस मिळाली होती. चौकशी समितीने बोट परळकडे दाखवले: हाफकिन यांनी निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलून उष्णतेवर भर दिला होता, तेवढे निमित्त पुरले. त्यांना पदावरून दूर करण्यात आले.

वास्तविक, ती बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. ही साक्ष उपलब्ध असूनही दाद लागायला वर्षे गेली. रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून बाजू मांडली, इतर शास्त्रज्ञ पाठीशी उभे राहिले आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. मेलेल्या १९ जणांना न्याय मिळावा म्हणून चौकशी हवीच होती. तिने मात्र खरे कारण शोधण्यापेक्षा एक माणूस शोधला. वैद्यकीय चुकांच्या चौकशा आजही किती वेळा याच वाटेने जातात, हे आपल्यातील डॉक्टर-परिचारिकांना सांगायला नको.

हाफकिन कलकत्त्यास परतले, परंतु माणसांवर लसीच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना पुन्हा मिळाली नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.